मूल घरी राहू शकत नाही तेव्हा: घराबाहेरील देखभालीचे कायदेशीर मार्ग

आई-वडिलांचे निधन, दीर्घ आजार, तुरुंगवास, व्यसन, घरातील मारहाण किंवा लैंगिक अत्याचार, आईचा दुसरा विवाह आणि त्या घरात मुलाला नसलेली जागा, अशा अनेक कारणांनी एखादे मूल स्वतःच्या घरी राहू शकत नाही. अशा वेळी निर्णय घेण्याची जबाबदारी बहुधा आजी, मामा, आत्या, शाळेतील शिक्षक, अंगणवाडी सेविका किंवा पोलीस पाटील यांच्यावर येते, आणि त्यांपैकी बहुतेकांना कायदा नेमके काय करायला सांगतो हे माहीत नसते. परिणामी मुलाला ओळखीच्या आश्रमात परस्पर नेऊन सोडले जाते किंवा मुद्रांक कागदावर मजकूर लिहून एखाद्या निपुत्रिक दांपत्याच्या स्वाधीन केले जाते. हे दोन्ही मार्ग बेकायदा आहेत, आणि दोन्हींमध्ये मुलाच्या नावाची नोंद कोणत्याही सरकारी यंत्रणेकडे राहत नाही. पुढील मार्गदर्शन महाराष्ट्रातील व्यवस्था डोळ्यांसमोर ठेवून केले आहे. तिचा पाया असलेला बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, 2015 हा केंद्राचा कायदा असून तो 15 जानेवारी 2016 पासून लागू आहे, 2021 मध्ये त्यात महत्त्वाच्या दुरुस्त्या झाल्या आणि त्या 1 सप्टेंबर 2022 पासून अमलात आल्या. महाराष्ट्राने स्वतःचे नियम 2018 मध्ये केले आहेत.

पहिली पायरी: मुलाला खरोखर घराबाहेर जावे लागणार आहे का

‘कोठे ठेवायचे’ हा प्रश्न फार लवकर विचारला जातो. त्याआधीचा प्रश्न असा की, मूल घरी का राहू शकत नाही. कारण सुरक्षिततेचे असेल, म्हणजे घरातच मारहाण, अत्याचार, बालविवाहाची तयारी किंवा मुलाला कामाला जुंपणे असे काही चालू असेल, तर वेळ न दवडता दुसऱ्या पायरीकडे वळावे. कारण केवळ पैशाचे असेल, तर मात्र थांबून विचार करणे आवश्यक आहे. कायद्याच्या कलम 3 मधील तत्त्वांनुसार मुलाला संस्थेत ठेवणे हा सर्वांत शेवटचा उपाय आहे, आणि संयुक्त राष्ट्रांनी 2009 मध्ये पर्यायी देखभालीविषयी जी मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली, त्यांतही केवळ गरिबी हे मुलाला कुटुंबापासून वेगळे करण्याचे कारण होऊ शकत नाही, असे स्पष्ट म्हटले आहे. तरीही पतीच्या निधनानंतर मोलमजुरी करणारी आई ‘दोन वेळचे जेवण आणि शाळा तरी मिळेल’ म्हणून मुलाला बालगृहात ठेवण्याचा विचार करते. तिला दोष देण्यात अर्थ नाही; पण तिला इतर मार्ग सांगणे हे आपले काम आहे.

हे इतर मार्ग दोन प्रकारचे आहेत. पहिला प्रकार थेट आर्थिक साहाय्याचा. महाराष्ट्र शासनाची क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना अनाथ, एकपालक आणि संकटग्रस्त कुटुंबांतील अठरा वर्षांखालील मुलांसाठी असून तिच्यातून 2023 पासून दरमहा 2250 रुपये दिले जातात. केंद्राच्या मिशन वात्सल्य या बालसंरक्षण योजनेअंतर्गत प्रायोजकत्वाचे, म्हणजे मूल कुटुंबातच वाढावे यासाठीचे, साहाय्य दरमहा 4000 रुपये असून त्यासाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ग्रामीण भागात 72,000 रुपयांपेक्षा आणि इतरत्र 96,000 रुपयांपेक्षा अधिक असू नये, अशी अट 2022 च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये आहे. विधवा, घटस्फोटित किंवा परित्यक्ता आईची मुले, नातेवाइकांकडे राहणारी अनाथ मुले आणि गंभीर आजारामुळे कमावू न शकणाऱ्या पालकांची मुले यांचा या साहाय्यासाठी विचार होतो. दोन्हींसाठी जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी कार्यालयात किंवा त्याच्याशी जोडलेल्या जिल्हा बाल संरक्षण कक्षात चौकशी करावी. मूल कोणत्या योजनेत बसते, हे तेथील अधिकारी कागदपत्रे पाहून सांगतात. मुलाचा जन्मदाखला, मुलाचे आणि पालकाचे आधार कार्ड, शाळेचा बोनाफाईड दाखला, पालकाचा मृत्यूदाखला किंवा आजाराचे वैद्यकीय प्रमाणपत्र, शिधापत्रिका, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि बँक पासबुकाची प्रत एवढे आधीच जमवून ठेवले, तर खेटे कमी घालावे लागतात.

दुसरा प्रकार निवासी शिक्षणाचा. समाजकल्याण विभागाची वसतिगृहे, आदिवासी विकास विभागाच्या आश्रमशाळा, मुलींसाठी कस्तुरबा गांधी बालिका विद्यालये आणि ऊसतोडीसाठी स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांच्या मुलांसाठी चालवली जाणारी हंगामी वसतिगृहे यांमध्ये मूल शिकते, सुट्टीत घरी येते आणि पालकत्वाला धक्का लागत नाही. बालगृहात प्रवेश बाल कल्याण समितीच्या (तिच्याविषयी तिसऱ्या पायरीत पाहू) आदेशाने होतो आणि मूल परत घरी नेण्यासाठीही समितीचा आदेश लागतो. वसतिगृहाचे तसे नाही. हा फरक पालकांना प्रवेशापूर्वीच नीट समजावून सांगितला पाहिजे, कारण मे महिन्यात मुलाला घ्यायला आलेल्या आईला प्रवेशद्वाराशी तो कळणे तिच्यासाठी फार जड जाते.

दुसरी पायरी: चोवीस तासांच्या आत कळवणे

मूल रस्त्यावर, रेल्वे स्थानकावर किंवा शेतात एकटे सापडले असेल, किंवा घरात राहणे धोक्याचे झाले असेल, तर 1098 या चाइल्ड हेल्पलाइनवर दूरध्वनी करावा. ती निःशुल्क असून चोवीस तास सुरू असते. जवळचे पोलीस ठाणे, जिल्हा बाल संरक्षण कक्ष किंवा थेट बाल कल्याण समिती यांनाही कळवता येते. पालकांपासून विलग झालेले, हरवलेले, सोडून दिलेले किंवा निराधार दिसणारे मूल आढळल्यास चोवीस तासांच्या आत कळवणे कलम 32 नुसार बंधनकारक आहे, आणि हे बंधन केवळ सरकारी नोकरांवर नसून सामान्य नागरिक, रुग्णालये व प्रसूतिगृहे यांच्यावरही आहे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. लैंगिक अत्याचाराची माहिती किंवा नुसती शंका असली, तरी बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणाऱ्या 2012 च्या कायद्याच्या कलम 19 प्रमाणे पोलिसांना कळवणे वेगळे बंधनकारक आहे. ‘आधी घरात बोलून बघू’ या विचाराला तेथे जागा नाही.

येथे एक खबरदारी आवश्यक आहे. मुलाचे छायाचित्र किंवा नाव-गाव समाजमाध्यमांवर, व्हॉट्सअॅपच्या गटांत टाकू नये. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख उघड करणे कलम 74 प्रमाणे गुन्हा आहे. हरवलेल्या मुलाचे पालक शोधण्यासाठी प्रसिद्धी द्यायची की नाही, हे समिती आणि पोलीस ठरवतात.

तिसरी पायरी: बाल कल्याण समितीसमोर

प्रत्येक जिल्ह्यात किमान एक बाल कल्याण समिती असते. तिच्यात अध्यक्ष आणि चार सदस्य असतात, त्यांपैकी किमान एक महिला असावी लागते, आणि समितीला प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार असतात. तिने महिन्यातून किमान वीस दिवस बसावे, असे कायदा सांगतो. मुलाला प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आत समितीसमोर हजर करावे लागते, आणि ते पोलीस, सामाजिक कार्यकर्ता, शिक्षक, डॉक्टर, शेजारी अशा कोणालाही करता येते. मूल स्वतःही समितीकडे जाऊ शकते. सुटीच्या दिवशी किंवा रात्री मूल सापडले, तर एखाद्या सदस्यासमोर हजर करता येते.

समितीचे वातावरण न्यायालयासारखे नसावे, अशी अपेक्षा असली तरी मूल आणि सोबतचे नातेवाईक बहुधा घाबरलेलेच असतात. म्हणून जाण्यापूर्वी एका कागदावर साध्या भाषेत घडलेला प्रकार, तारखा, मुलाचे जवळचे नातेवाईक आणि त्यांचे दूरध्वनी क्रमांक लिहून न्यावेत. मूल ज्याच्यावर विश्वास ठेवते अशी एक व्यक्ती सोबत असावी. मुलाला काय वाटते, ते त्याच्या वयानुसार ऐकून घेणे समितीचे कर्तव्य आहे. मोठ्यांनी मध्येच उत्तर देऊ नये.

पहिल्या दिवशी समिती सहसा तात्पुरता आदेश देते. त्यानुसार मूल बालगृहात, किंवा ‘योग्य सुविधा’ वा ‘योग्य व्यक्ती’ म्हणून मान्यता मिळालेल्या ठिकाणी वा व्यक्तीकडे ठेवले जाते. सहा वर्षांखालील अनाथ, सोडून दिलेल्या किंवा अभ्यर्पित (पालकांनी समितीसमोर कायमचे स्वाधीन केलेल्या) मुलांना, जेथे उपलब्ध असेल तेथे विशेष दत्तक संस्थेत ठेवले जाते. त्यानंतर गृहचौकशी होते. परिविक्षा अधिकारी किंवा बाल संरक्षण कक्षातील कर्मचारी घरी, शेजारी आणि शाळेत जाऊन सामाजिक तपासणी अहवाल तयार करतात. तो पंधरा दिवसांत पूर्ण व्हावा आणि मूल पहिल्यांदा हजर केल्यापासून चार महिन्यांत अंतिम आदेश व्हावा, अशी कलम 36 मधील मुदत आहे. अंतिम आदेशाच्या दिशेने नेणारा खरा कागद म्हणजे हा अहवाल. चौकशीसाठी आलेल्या कर्मचाऱ्याला घरची परिस्थिती लपवून सांगू नये आणि वाढवूनही सांगू नये. मूल स्वतःकडे घेण्याची इच्छा असलेल्या नातेवाइकाने आपण ते का आणि कसे सांभाळू शकतो, हे लेखी दिले, तर त्याची दखल घेतली जाते; नुसते तोंडी सांगितलेले पुढच्या तारखेला कोणाच्या लक्षात राहत नाही. प्रत्येक आदेशाची प्रत मागून घ्यावी आणि पुढील तारीख लिहून ठेवावी.

आदेश मान्य नसल्यास तीस दिवसांत बाल न्यायालयात अपील करता येते. प्रतिपालकत्व (मुलाला ठरावीक काळासाठी दुसऱ्या कुटुंबात वाढवणे) आणि प्रायोजकत्वाच्या निर्णयांविरुद्धचे अपील जिल्हाधिकाऱ्यांकडे जाते. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे विनामूल्य मदत मागावी. मुलांना उत्पन्नाची अट न लावता ही मदत मिळते.

चौथी पायरी: नातेवाइकांकडे ठेवायचे असेल तर

आपल्याकडे घराबाहेर वाढणारी बहुतांश मुले आजी-आजोबा, काका किंवा मावशीकडेच वाढतात, आणि बहुधा कोणताही कागद न करता. मूल तेथे सुखी असेल, तर प्रत्येक वेळी समितीकडे धाव घेण्याची गरज नाही. अडचण नंतर येते. शाळाप्रवेश, बँक खाते, शस्त्रक्रियेची संमती, वडिलांच्या नावावरील जमिनीची वारस नोंद, विम्याची रक्कम, या प्रत्येक ठिकाणी ‘पालक कोण’ असे विचारले जाते आणि सांभाळणाऱ्या आजीकडे दाखवायला काही नसते. म्हणून दोन्ही पालक नसतील, तर न्यायालयातून पालकत्वाचा आदेश घेणे श्रेयस्कर. तो पालक व पाल्य अधिनियम, 1890 खाली मिळतो आणि कोणत्याही धर्माच्या मुलासाठी मागता येतो. न्यायालयाने नेमलेल्या पालकाला मुलाची स्थावर मालमत्ता न्यायालयाच्या परवानगीशिवाय विकता किंवा गहाण ठेवता येत नाही. काही नातेवाइकांना ही अट जाचक वाटते. मुलाच्या दृष्टीने ती या आदेशाची सर्वांत मोलाची बाजू आहे. मुलाला ‘ठेवून घेण्याचा’ उत्साह जमिनीच्या उताऱ्याभोवती फिरतो आहे असे दिसले, तर समितीला किंवा न्यायालयाला ते स्पष्ट सांगावे.

नातेवाइकांमध्ये वाद असेल, मुलाच्या सुरक्षिततेचा प्रश्न असेल किंवा मूल आधीच समितीसमोर आले असेल, तर समिती नातेवाइकाला योग्य व्यक्ती म्हणून मान्यता देऊन, देखरेखीसह किंवा देखरेखीशिवाय, मुलाचा ताबा देऊ शकते. भावंडांना एकत्र ठेवावे, ही कायद्याची भूमिका आहे. एक भाऊ काकाकडे आणि बहीण संस्थेत, अशी वाटणी केवळ मुलांच्या हितासाठीच आणि कारणे नोंदवून व्हावी.

आई तुरुंगात असल्यास मूल सहा वर्षांचे होईपर्यंत तिच्यासोबत राहू शकते. सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये तसे निर्देश दिले आहेत. त्यानंतर मूल आईच्या इच्छेनुसार योग्य नातेवाइकाकडे किंवा संस्थेत जाते, आणि आईशी त्याच्या भेटी चालू ठेवाव्या लागतात.

पाचवी पायरी: प्रतिपालकत्व

नातेवाईक नाहीत किंवा सांभाळू शकत नाहीत, मूल दत्तकमुक्तही, म्हणजे दत्तक देण्यास कायद्याने मोकळे, होऊ शकत नाही, कारण पालक हयात आहेत पण आजारी, तुरुंगात किंवा अपात्र आहेत. अशा मुलासाठी प्रतिपालकत्व हा पर्याय आहे. येथे नात्यात नसलेले कुटुंब मुलाला ठरावीक काळासाठी घरी वाढवते. मूल त्यांचे कायदेशीर अपत्य होत नाही आणि मूळ पालकांचे नाते तुटत नाही. मुलाच्या हिताला बाधा येत नसेल, तर मूळ पालक त्याला नियमित भेटू शकतात आणि परिस्थिती सुधारल्यावर मूल परत घरी जाऊ शकते. दत्तक देण्यायोग्य ठरलेल्या मुलाला दीर्घकालीन प्रतिपालकत्वात ठेवता येत नाही, हे कलम 44 मध्ये मुद्दाम नमूद आहे, जेणेकरून या मार्गाचा दत्तकासाठी आडवाट म्हणून वापर होऊ नये.

केंद्राने 2024 मध्ये सुधारित आदर्श मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांनुसार विवाहित दांपत्यांबरोबरच 35 ते 60 वर्षे वयाच्या एकट्या व्यक्तीही प्रतिपालक होऊ शकतात. एकट्या स्त्रीला मुलगा किंवा मुलगी, तर एकट्या पुरुषाला फक्त मुलगा सांभाळता येतो. दीर्घकाळ प्रतिपालन केलेल्या आणि नंतर दत्तकमुक्त झालेल्या मुलाला त्याच कुटुंबाने दत्तक घेण्यासाठीचा कालावधी पाचवरून दोन वर्षांवर आणला आहे. मिशन वात्सल्यमधून प्रतिपालनासाठी दरमहा 4000 रुपये मिळण्याची तरतूद आहे.

प्रतिपालक होऊ इच्छिणाऱ्यांनी जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे अर्ज करावा. त्यानंतर गृहभेट, घरातील सर्वांशी बोलणे, पोलीस पडताळणी आणि वैद्यकीय तपासणी होते, मुलाची व कुटुंबाची आपसांत ओळख करून दिली जाते आणि मग समिती आदेश देते. मूल आल्यानंतर समितीने दर महिन्याला पाहणी करावी, असे कायद्यात आहे. पहिल्या काही महिन्यांत मूल अन्न लपवून ठेवणे, रात्री झोप न लागणे, अंथरूण ओले करणे, वस्तू उचलणे असे वागू शकते. ही बिघडलेल्या मुलाची लक्षणे नसून ज्याने घर गमावले आहे त्याचे हे सावध वागणे असते, आणि त्यासाठी कक्षाकडून समुपदेशन मागावे. ‘आम्ही तुझ्यासाठी इतके करतो’ हे वाक्य घरातील कोणीही, पाहुण्यांसमोर तर नाहीच, उच्चारू नये.

महाराष्ट्रात हा पर्याय अजून तुरळकच वापरला जातो. संस्था जिल्ह्याजिल्ह्यात आहेत, त्यामुळे मुलाला तिकडे पाठवणे प्रशासनाला सोपे जाते. कुटुंब शोधणे आणि त्यावर देखरेख ठेवणे अधिक मेहनतीचे आहे. म्हणूनच नातेवाइकांनी, शिक्षकांनी किंवा संस्थेच्या कर्मचाऱ्यांनी ‘या मुलासाठी प्रतिपालकत्वाचा विचार झाला का’ असे समितीला लेखी विचारणे उपयोगी पडते.

सहावी पायरी: संस्थेत ठेवण्याची वेळ आल्यास

प्रथम नावांचा घोळ दूर करू. बालगृह हे काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलांसाठी असते. निरीक्षणगृह कायद्याशी संघर्षात आलेल्या, म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलांसाठी असते. लोक अजूनही दोन्हींना ‘रिमांड होम’ म्हणतात, आणि काही जुन्या इमारतींच्या पाटीवर दोन्ही नावे एकत्र असल्यामुळे गैरसमज वाढतो. त्यातून बालगृहातील मुलांना शाळेत उगाच संशयाने पाहिले जाते. शिशुगृहे लहान बाळांसाठी असतात. खुले निवारागृह रस्त्यावरील मुलांना थोड्या काळासाठी आसरा देते. सामूहिक प्रतिपालनात जास्तीत जास्त आठ मुले कुटुंबासारख्या रचनेत राहतात.

कोणती संस्था, हे समिती ठरवते. तरी मुलाचे गाव, शाळा आणि नातेवाईक ज्या जिल्ह्यात आहेत, तेथेच किंवा जवळ ठेवण्याची विनंती करता येते आणि ती करावीच. दूरच्या संस्थेत नातेवाइकांच्या भेटी हळूहळू थांबतात, आणि भेटी थांबलेले मूल कागदोपत्री ‘कोणी नसलेले’ होऊन बसते.

संस्थेची पाहणी करताना पुढील गोष्टी विचाराव्यात. कलम 41 खालील नोंदणी आहे का आणि तिची मुदत संपली आहे का? नोंदणी पाच वर्षांसाठी असते. नोंदणीविना संस्था चालवणाऱ्यास एक वर्षापर्यंत कारावास किंवा किमान एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा आहेत. सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये सर्व बालसंस्थांची नोंदणी त्या वर्षअखेरपर्यंत पूर्ण करण्याचे निर्देश दिले होते, तेव्हा ‘आमची ट्रस्ट म्हणून नोंदणी आहे’ हे उत्तर पुरेसे मानू नये. मंजूर क्षमता किती आणि प्रत्यक्षात मुले किती? शयनगृहात प्रत्येक मुलामागे सुमारे चाळीस चौरस फूट जागा असावी, असे आदर्श नियम सांगतात. मुलांची बाल समिती खरोखर बैठका घेते का, तक्रार पेटी कोण उघडते, मुले बाहेरच्या शाळेत जातात का, रात्री मुलांजवळ कोण असते, मुलींच्या संस्थेत महिला कर्मचारी आहेत का, नातेवाइकांशी फोनवर बोलू देतात का, हेही विचारावे. रंगवलेल्या भिंतींपेक्षा स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि मुलांचे वागणे अधिक सांगून जाते. पाहुणा आल्यावर सर्व मुले रांगेत उभी राहून एका सुरात नमस्कार म्हणत असतील, तर मला त्या शिस्तीचे कौतुक वाटत नाही, चिंता वाटते. वाढदिवस किंवा पुण्यतिथीच्या निमित्ताने जेवण देणाऱ्यांनी मुलांसोबत छायाचित्रे काढून ती प्रसिद्ध करणे हे तर वर सांगितलेल्या कलम 74 च्या विरुद्ध आहे.

प्रवेशानंतर प्रत्येक मुलाचा वैयक्तिक देखभाल आराखडा तयार व्हायला हवा. त्यात आरोग्य, शिक्षण, मानसिक आधार, कुटुंबाशी संपर्क आणि घरी परतण्याची शक्यता यांची नोंद असते. समिती हा आराखडा पाहूनच पुनर्वसनाचा आदेश देते. संस्थांची पाहणी जिल्हास्तरीय समितीने दर तीन महिन्यांतून किमान एकदा करावी, असे कलम 54 सांगते. तरीही नातेवाइकांनी स्वतः दर सुनावणीला उपस्थित राहून ‘घरी परत पाठवण्यासाठी काय झाले’ असे विचारत राहावे, कारण संस्थेत मूल सुरक्षित आहे असे एकदा मानले, की फाइल मागे पडते आणि काही महिन्यांसाठी आलेले मूल तेथेच दहावी होते. गैरप्रकाराचा संशय आल्यास समिती, जिल्हाधिकारी, पोलीस किंवा राज्य बाल हक्क संरक्षण आयोग यांच्याकडे तक्रार करता येते.

सातवी पायरी: अभ्यर्पण आणि दत्तक

काही पालकांना, विशेषतः एकट्या आईला, मूल सांभाळणे कोणत्याही प्रकारे शक्य नसते. तिने मूल कोठेतरी सोडून देण्यापेक्षा कलम 35 प्रमाणे बाल कल्याण समितीसमोर अभ्यर्पित करावे. समिती चौकशी आणि समुपदेशन करते, त्यानंतर अभ्यर्पण पत्र लिहून घेते आणि निर्णय बदलण्यासाठी दोन महिन्यांची मुदत देते. या दोन महिन्यांत मूल परत मागता येते. मुदत संपल्यावर नाही. ही तारीख आईला लेखी सांगितली पाहिजे आणि तिच्यावर कोणत्याही बाजूने दबाव आणू नये. परिस्थितीच्या रेट्यामुळे मूल सोडावे लागले असेल, तर पालकांवर त्याबद्दल दंडात्मक कारवाई होऊ नये, असे कलम 75 मध्ये आहे. हे माहीत नसल्यामुळे काही बाळे आजही कचराकुंडीत किंवा शेताच्या बांधावर सापडतात.

अनाथ किंवा सोडून दिलेल्या मुलाला समिती, पालकांचा शोध घेऊन, दोन वर्षांपर्यंतच्या बाळाच्या बाबतीत दोन महिन्यांत आणि त्याहून मोठ्या मुलाच्या बाबतीत चार महिन्यांत दत्तकमुक्त घोषित करते. त्यानंतर दत्तकाची प्रक्रिया केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाच्या ‘केअरिंग्ज’ या संगणकीय प्रणालीतून होते. 2022 पासून दत्तकाचा अंतिम आदेश न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात आणि तो दोन महिन्यांत द्यावा, अशी तरतूद आहे. इच्छुक पालकांचे विवाहित जीवन किमान दोन वर्षे स्थिर असावे, मूल आणि पालक यांच्या वयात किमान पंचवीस वर्षांचे अंतर असावे, एकट्या पुरुषाला मुलगी दत्तक घेता येत नाही, आणि पाच वर्षांवरील मुलाची स्वतःची संमती घेतली जाते. नात्यातील मूल दत्तक घ्यायचे असेल, तर धर्म कोणताही असला तरी याच कायद्याखाली ते शक्य आहे. हिंदूंना 1956 च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याचा मार्गही खुला आहे, परंतु त्याच्या अटी वेगळ्या आहेत.

रुग्णालयातून, दायीकडून किंवा मध्यस्थामार्फत परस्पर मूल घेणे किंवा देणे, मग त्यात पैसे नसले तरी, कलम 80 प्रमाणे तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपये दंड किंवा दोन्हींना पात्र आहे. पैसे असल्यास कलम 81 लागू होते आणि शिक्षा पाच वर्षांपर्यंतची. रुग्णालयातील कर्मचाऱ्याने केल्यास किमान तीन आणि कमाल सात वर्षे. नोटरीचा शिक्का यापैकी कशालाही कायदेशीर करत नाही.

आठवी पायरी: अठरा वर्षे पूर्ण होण्यापूर्वी

ही तयारी सोळाव्या वर्षी सुरू व्हायला हवी. ती बहुधा अठराव्या वाढदिवसाच्या आदल्या महिन्यात आठवते. अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर बालगृह सोडावे लागते. त्यानंतर कलम 46 प्रमाणे पश्चात देखभाल, म्हणजे संस्था सोडल्यानंतरचे साहाय्य, मिळते. ती एकवीस वर्षांपर्यंत आणि अपवादात्मक परिस्थितीत तेवीस वर्षांपर्यंत देता येते, आणि मिशन वात्सल्यमधून दरमहा 4000 रुपयांची तरतूद आहे. मुलामुलींच्या निवासासाठी राज्यात अनुरक्षणगृहे आहेत, पण जागा मर्यादित असल्याने अर्ज आधीच समितीकडे द्यावा.

जन्मदाखला, आधार, मुलाच्या स्वतःच्या नावाचे बँक खाते, शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला मिळू शकत असल्यास तो, आणि समितीच्या सर्व आदेशांच्या प्रती एका फाइलमध्ये मुलाच्या हाती द्याव्यात. संस्थेच्या कपाटातील फाइल वीस वर्षांनी सापडेल, याची खात्री कोणी देऊ शकत नाही. दोन्ही पालक नसलेल्या मुलाने महिला व बाल विकास विभागाकडून अनाथ प्रमाणपत्र घ्यावे. महाराष्ट्राने 2018 मध्ये शिक्षण आणि शासकीय नोकरीत अनाथांसाठी एक टक्का समांतर आरक्षण ठेवले असून ते या प्रमाणपत्राशिवाय मिळत नाही. बौद्धिक दिव्यांगत्व, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी किंवा बहुदिव्यांगत्व असलेल्या तरुणासाठी राष्ट्रीय न्यास अधिनियम, 1999 खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समितीकडून कायदेशीर पालक नेमून घेता येतो, आणि तो अर्ज अठरा वर्षे पूर्ण होताच दिला जाईल अशा बेताने वैद्यकीय प्रमाणपत्र व दिव्यांगत्वाचे ओळखपत्र आधीच काढून ठेवावे.